लेकीला तारा लावल्यात, मग तुमच्या दातांतली फट?

पालकसभा संपली की कुणीतरी मागे रेंगाळतं आणि विचारतं, "बाई, मुलीच्या दातांना तारा लावल्यात, मग स्वतःची फट तेव्हाच का नाही बुजवून घेतलीत?" मी दुसरीचा वर्ग घेते. विचारणारीला बहुतेक वेळा आपल्या लेकीबद्दलच विचारायचं असतं. म्हणून नीट सांगते.

आधी माझ्या लेकीचं. तेराव्या वर्षी तिचे वरचे दात इतके पुढे आले होते की ओठ मिटायला जोर लागायचा. खालचे दात टाळूला टोचून तिथे जखम व्हायची. डॉक्टरांनी वरच्या दोन उपदाढा काढल्या आणि तारा बसवल्या. 22 महिने आम्ही दर महिन्याला तार आवळून घ्यायला जात होतो. पहिले काही दिवस वरण-भात आणि दुधात कुस्करलेली पोळी, एवढंच पोटात जायचं. दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, गालाला घासायचं तिथे मेणाची बारीक गोळी दाबून ती झोपायची. पण तारेवरच्या रबरांचा रंग दर वेळी स्वतः निवडायची. गणपतीत केशरी, शाळा सुरू होताना निळा. घरी आली की शेजारच्या मैत्रिणींना वरचा ओठ उचलून दाखवायची. तारा लावलेलं तोंड लपवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला सांगितलं होतं. 1993 साली स्थळांना पाठवायला फोटो काढायचा होता. स्टुडिओत मावशी म्हणाली, "ओठ मिटून हस गं, फट दिसते." तो फोटो अजून आहे. त्यात मी हसतेय की रडू आवरतेय, कळत नाही. तेव्हापासून हसू आलं की हात तोंडावर जायला लागला. वर्गात, एसटीत, हळदीकुंकवात, सगळीकडे. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर एकदा नवऱ्याला विचारलं, "माझी फट तुला पहिल्यांदा कधी दिसली?" त्याला आठवेना. हात मात्र आठवत होता. म्हणाला, "तू तोंड झाकायचीस ना, तेव्हा वाटायचं, माझं बोलणं हिला आवडत नाही बहुतेक." त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे एका अभ्यासाबद्दल वाचलं. 1999 साली अमेरिकेत तो प्रसिद्ध झाला होता. वरच्या पुढच्या दोन दातांमधली रेघ चेहऱ्याच्या मध्यापासून 4 मिलिमीटर बाजूला सरकवलेले फोटो लोकांना दाखवले. तारा बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या ते लक्षात आलं. साध्या माणसांच्या नाही, आणि नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांच्याही नाही. फट रेघेपेक्षा चटकन दिसते, हे खरंच आहे. पण दिसली म्हणून खटकेलच असं नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांत पुढच्या दातांतली फट सौंदर्याची मानतात, काही जण ती मुद्दाम करूनही घेतात. आणि इतक्या लांब कशाला जायचं? आजी सांगायची, तिच्या आईचे दात दातवणाने काळेभोर होते. हिरडा आणि हिराकस घातलेली ती पूड सकाळी बोटाने दातांना लावायची. काळे दात हे सवाष्णीचं लेणं होतं. आज त्याच घरातल्या मुली दात पांढरे करून घ्यायला पैसे भरतात.

लेकीच्या डॉक्टरांनी एकदा माझी फटही मोजली, अडीच मिलिमीटर. हिरड्या घट्ट आहेत, चावायला त्रास नाही, म्हणाले. बुजवता येईल, पण अशी फट पुन्हा उघडू पाहते, म्हणून दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवून ठेवावी लागेल. मी विचार केला आणि नको म्हटलं. लेकीच्या तोंडात जखम होत होती. माझ्या तोंडात मावशीचं एक वाक्य होतं, आणि त्यावर तारेचा इलाज नव्हता. कुणी हौसेने फट बुजवून घेतली तर मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त ती हौस तिची स्वतःची असावी, बघायला येणाऱ्यांची नको.

आता तुमच्या मुलींचं. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट असणं नेहमीचं आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे येतात तेव्हा बहुतेकांची ती आपोआप मिटते. कधी वरच्या ओठाच्या आतली पट्टी जाड असून दातांच्या मध्ये खाली उतरलेली असते, मग फट राहते. डॉक्टरांना दाखवून ठेवा, घाबरू नका. मोठ्या माणसाच्या दातांत मात्र नव्याने फट पडू लागली किंवा जुनी रुंदावू लागली, तर हिरड्यांचा आजार असू शकतो. तेव्हा वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

या जूनमध्ये वर्गात एक नवी मुलगी आली. कविता म्हणताना तिचा तळहात तोंडावर. मी तिच्या बाकाशी उकिडवी बसले आणि हसले. तिने बराच वेळ माझ्या दातांकडे निरखून पाहिलं, मग हात खाली घेऊन म्हणाली, "बाई, तुम्हालापण खिडकी आहे!" आणि कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केली.