मुक्काम सालेर्नोला, हनिमून अमाल्फीला

लग्न ठरलं तेव्हाच आम्ही दोघांनी नक्की केलं होतं की हनिमूनला परदेशात जायचं आणि समुद्रावरच जायचं. त्यावर सासूबाईंचा प्रश्न रास्त होता : "दर्या पळोवंक इतलें पयस कित्याक गो?" (समुद्र बघायला इतक्या लांब कशाला गं?) डिचोलीहून गाडी काढली की तास-सव्वा तासात मोरजी येतं, हरमल येतं. पण आपला समुद्र सपाट वाळूवर येऊन थांबतो. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाहीच. डोंगरच सरळ पाण्यात उतरलेत, त्यांच्या अंगावर लिंबांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आहेत आणि त्यांच्यामध्ये कशीबशी जागा करून गावं बसलीत. 1997 पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मला तो कडा बघायचा होता.

पणजीतल्या एका टूरवाल्याकडे चौकशी केली. त्या किनाऱ्यावरच्या पोसितानो गावात समुद्र दिसणारी खोली, विमानतळावरून खासगी गाडी, बोटीची एक सफर, असं सगळं मिळून त्याने जो आकडा सांगितला, त्यात नवऱ्याच्या छापखान्यासाठी जुनं का होईना पण एक ऑफसेट मशीन आलं असतं. नवरा शांतपणे चहा पिऊन उठला. बाहेर आल्यावर म्हणाला, "हा आपल्याला कळंगुट विकतोय."

बघायला गेलं तर आमचं सगळं बजेट या एका वाक्यावर उभं राहिलं. गोव्यात वाढलेल्या माणसाला पर्यटकाचा खिसा कुठे कापला जातो ते शिकवावं लागत नाही. डिसेंबरात बागा-कळंगुटला खोलीचं भाडं काय होतं आणि त्याच दिवशी म्हापशात काय असतं, किनाऱ्यावरच्या शॅकमधलं जेवण केवढ्याला आणि गावातल्या खाणावळीतली माशाची थाळी केवढ्याला, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. तेव्हा प्रश्न एवढाच होता की अमाल्फी किनाऱ्याचं म्हापसा कोणतं? नकाशा उघडून बसलो आणि सापडलं : सालेर्नो. किनाऱ्याच्या पूर्व टोकाचं, बंदर असलेलं, नोकरदार माणसांचं शहर. रोमहून थेट रेल्वे येते, स्टेशनापासून धक्का चालत जाण्याएवढा जवळ आणि त्या धक्क्यावरून अमाल्फी-पोसितानोच्या बोटी सुटतात. बहुतेक लोक नेपल्समार्गे पश्चिमेच्या सोरेंतोला जातात. तेही वाईट नाही, पण सोरेंतो स्वतःच पर्यटकांचं गाव आहे, म्हणजे भाव तसेच. सालेर्नोत आम्हाला स्वच्छ, बाल्कनीची खोली ज्या भाड्यात मिळाली, त्याच्या तिप्पट-चौपट पैसे पोसितानोत साध्या खोलीला मागत होते.

दुसरा प्रश्न, केव्हा जायचं. आमचं लग्न मे महिन्यात झालं. लगेच निघणं शक्य नव्हतं, आणि गोव्यातल्या घरात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी असल्या बेताचं नावही काढायचं नसतं. ते पथ्यावरच पडलं. आपल्याकडे पावसात शॅक मोडून ठेवलेले असतात तेव्हा तिकडे ऐन हंगाम असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि भावही चढलेले. नोव्हेंबरात बोटी जवळजवळ बंद होतात, बरीच हॉटेलंही. म्हणून दसरा आटोपून निघायचं आणि दिवाळीच्या आत परत यायचं ठरवलं. ऑक्टोबरात बोटी चालू असतात, गर्दी ओसरलेली असते आणि समुद्राचं पाणी उन्हाळ्यात तापलेलं असल्यामुळे पोहता येतं. नवरा रोज पोहला. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले, कारण पायाखाली वाळू नव्हती, गोटे होते. रबरी चपला घेऊन जा.

आता व्हिसा. वेळ आणि डोकं सगळ्यात जास्त इथेच गेलं.

गोव्यात याबाबतीत एक गंमत आहे. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपली त्या दिवसाच्या, आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. आमच्या ओळखीतले कितीतरी जण पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला स्थायिक झालेत. त्यांना इटलीत शिरायला व्हिसा नको. माझे आजोबाही त्या तारखेच्या आधीचेच, पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारतीय पासपोर्ट सोडायचा विषय आमच्या घरात कधी कुणी काढलाच नाही. तेव्हा सरळ रांगेत उभं राहणं आलं.

इटलीला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. त्याची फी जून 2024 पासून माणशी 90 युरो झाली आहे, वर व्हिसा केंद्राचा आकार, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, पण गर्दीच्या काळात लांबू शकतात. आम्ही ऐन पावसात अर्ज केला. सोयीच्या तारखेची अपॉइंटमेंट मुंबईची मिळाली, म्हणून कोकणकन्येने रात्रीचा प्रवास. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात आणि दरड कोसळली की कुठेही अडकतात, त्यामुळे मधे अख्खा एक दिवस मोकळा ठेवून गेलो आणि दादरला मावशीकडे उतरलो.

कागदांमध्ये लग्नाचा दाखला आमच्याकडे आधीच तयार होता. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते : आधी दोघांनी जाऊन इच्छा जाहीर करायची, मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन सही करायची. हे सगळं अक्षतांच्या आधीच उरकलेलं असतं. बाहेरच्या राज्यातल्या मैत्रिणी लग्नानंतर दाखल्यासाठी खेटे घालतात, तसं आम्हाला करावं लागलं नाही. मी पासपोर्टवरचं माहेरचं नाव तसंच ठेवलं. तिकीट, विमा, बँक, पासपोर्ट सगळीकडे एकच नाव असलं की खिडकीवरचा माणूस मान वर करून बघतही नाही.

मी वेर्ण्याच्या एका कंपनीत नोकरीला, त्यामुळे माझं सोपं : पगाराच्या पावत्या, रजा मंजूर झाल्याचं पत्र, आयकर विवरणपत्र. नवऱ्याचा धंदा स्वतःचा, म्हणून त्याचं जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, धंद्याच्या खात्याचा उतारा आणि विवरणपत्रं जोडली. खरी मेख होती माझ्या बँकेच्या उताऱ्यात. मे महिन्यात खात्यात एकदम मोठी रक्कम दिसत होती, म्हणजे आहेराचे पैसे. व्हिसा तपासणाऱ्याला अशी अचानक फुगलेली शिल्लक उसनी आणून ठेवल्यासारखी वाटते. म्हणून अर्जासोबतच्या पत्रात तो एक परिच्छेद स्वतंत्र लिहिला, ही रक्कम लग्नातल्या भेटींची आहे असं तारखेसकट सांगितलं आणि लग्नपत्रिकेची प्रत इंग्रजी भाषांतरासह लावली. श्री गणेशाय नमः, कुलदेवता प्रसन्न आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' यांसकट सगळी पत्रिका इटलीच्या वकिलातीत दाखल झाली. पत्रिका अर्थातच नवऱ्याच्याच छापखान्यातली.

बाकी लागतं ते असं : परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला पासपोर्ट, निदान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, राहण्याची आणि येण्याजाण्याची आरक्षणं. हॉटेलं रद्द केली तर पैसे परत मिळतील अशीच घेतली. पुढे स्वस्त खोली दिसली तेव्हा बदलताही आली. बोटांचे ठसे एकदा दिले की साधारण पाच वर्षं पुन्हा द्यावे लागत नाहीत. पासपोर्ट चवथीच्या आधी कुरियरने घरी आला आणि सासूबाईंनी तो आधी देवापुढे ठेवला.

विमानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोव्याहून आखातमार्गे जाता येतं, पण आमच्या तारखांना मुंबईहून रोम स्वस्त पडलं. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून शहरात यायला लिओनार्दो एक्सप्रेसचे माणशी 14 युरो पडतात. बस त्याच्या साधारण निम्म्यात आणते, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच. रोमहून सालेर्नोला वेगवान गाडीने दोनेक तास. या गाड्यांचे भाव विमानासारखे चढतात, म्हणून तिकीट आधी काढावं. मात्र प्रादेशिक गाड्यांचे दर ठरलेले असतात, उदाहरणार्थ नेपल्स ते सालेर्नो, साधारण पाच युरो. त्यांचं तिकीट कागदी असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा. खिशात तिकीट असून शिक्का नसेल तरी दंड होतो. आमच्या समोर एका जोडप्याला झाला.

सालेर्नोहून अमाल्फीला जायचे रस्ते दोन. बोटीने पस्तीसेक मिनिटं आणि दहा युरोंच्या आसपास. आमची चोडणची फेरीबोट पायी माणसाला फुकट नेते, त्यामुळे पहिल्या दिवशी नवऱ्याचा हात खिशातच अडकला. पण हा किनारा समुद्रातूनच बघायचा असतो. दुसरा रस्ता सिता नावाच्या कंपनीच्या बसचा, भाडं बोटीच्या निम्म्याहून कमी. बसचं तिकीट चढण्याआधी घ्यावं. ते 'ताबाक्की' म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या दुकानात मिळतं, आणि आत गेल्यावर मशीनमध्ये टोचून घ्यावं लागतं. सालेर्नोहून निघताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला असतो. सोरेंतोकडून येणाऱ्याला उजवीकडे. रस्ता चोर्ला घाटासारखा, वळणावर हॉर्न आणि समोरून दुसरी बस आली की एकाने मागे सरायचं. फरक इतकाच की इथे खाली दरीऐवजी पाणी आहे. गाडी भाड्याने घ्यायच्या भानगडीत पडू नका. पार्किंगचे दर डोळे पांढरे करणारे आहेत आणि 2022 पासून हंगामात सम-विषम नंबरप्लेटचा नियमही लागू झाला आहे. आम्ही जाताना बोट आणि येताना बस असं करत राहिलो. संध्याकाळी अमाल्फीच्या थांब्यावर बसला झुंबड असते, तेव्हा दिवेलागणीआधी परत फिरलेलं बरं.

अमाल्फीत संत आंद्रेयाच्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसून राहायला पैसे पडत नाहीत. तिथून बोगद्याने दहा मिनिटं चाललं की आत्रानी येतं, क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात लहान नगरपालिका. मला पोसितानोपेक्षा आत्रानी आवडलं. चौकात मुलं फुटबॉल खेळत होती, वर दोऱ्यांवर कपडे वाळत होते आणि कुणी आम्हाला काही विकायला आलं नाही. पोसितानो सुंदर आहेच, पण तिथे जो तो फोटोच काढत असतो आणि किनाऱ्यावर पहुडायच्या खाटल्याचं भाडं वीस-तीस युरोंच्या पुढे. बहुतेक गावांत 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणजे फुकटचा किनारा असतो, बहुधा कोपऱ्यात. तिथे आपला टॉवेल पसरायचा.

सगळ्यात भरगच्च दिवस मात्र फुकटातच मिळाला. अमाल्फीहून बसने वर आजेरोलातल्या बोमेरानोला गेलो आणि तिथून 'देवांची वाट' म्हणतात त्या पायवाटेने नोचेल्लेपर्यंत चाललो. सहा-सात किलोमीटर, डावीकडे खाली सगळा समुद्र आणि लांबवर काप्री बेट. आम्ही नवरा-बायको म्हणून पहिल्यांदा कडाकडा भांडलो ते याच वाटेवर, पाण्याची बाटली कोणी भरायची होती यावरून. नोचेल्लेहून खाली उतरायला सतराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर सरळ बस घ्या, मोठेपणा दाखवू नका.

खाण्याचं सांगते. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो, तीच टेबलावर बसून घेतली की भाव वाढतो. हॉटेलात जेवलं की बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात, ती फसवणूक नाही, तशी पद्धतच आहे. दुपारी बेकरीतला पिझ्झाचा तुकडा, रात्री सालेर्नोच्या जुन्या गल्ल्यांत जेवण, असा आमचा बेत असायचा. नवऱ्याने चेतारा गावी उतरून तिथला मुरवलेल्या मांदेलीवजा माशांचा अर्क घातलेला पास्ता खाल्ला आणि घरी न्यायला एक बाटलीही घेतली. सार्वजनिक नळांचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्यायची. हॉटेलवाले रोजचा माणशी पर्यटन कर वेगळा घेतात, तेवढी रोकड जवळ असू द्या. आणि कार्डाच्या मशीनने "रुपयांत की युरोत" असं विचारलं तर युरोच दाबा, रुपयांत केलं की दर त्यांचा लागतो.

सगळा हिशेब झाल्यावर विमान, व्हिसा, मुंबईची खेप आणि ती बाटली धरूनही खर्च टूरवाल्याच्या आकड्याच्या निम्म्याच्या खाली राहिला. आता मामेबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे आणि तिला लगेच जानेवारीत अमाल्फीला जायचंय. तिला सांगितलंय, तेव्हा बोटी नसतात, एप्रिलपर्यंत थांब, आणि आहेराचे पैसे बँकेत भरशील तेव्हा पत्रिकेची एक प्रत जपून ठेव.