अक्कलदाढ काढताना काय कळतं आणि काय दुखतं

दुखणार नाही, पण कळणार बरंच काही. जागा बधिर करून अक्कलदाढ काढायची असेल तर एवढा फरक आधी डोक्यात बसलेला बरा. त्या औषधाने वेदना जाते, दाब आणि स्पर्श मात्र थोडाफार जाणवत राहतो. खुर्चीत बसल्यावर गाल ओढला जातो, जबड्यावर जोर येतो, हाडातून कटकट असा आवाज थेट कानात घुमतो. हे सगळं ठीकच चाललं आहे असं समजा. टोचल्यासारखी, झिणझिणी येणारी तीव्र कळ मात्र सहन करत बसायची नसते. डावा हात वर करायचा, डॉक्टर थांबतात आणि आणखी औषध देतात. ही खूण सुरुवातीलाच ठरवून घ्या, कारण तोंडात हत्यारं असताना बोलता येत नाही.

उपाशी जाऊ नका. शिरेतून गुंगीचं औषध देणार नसतील तर तास-दीड तास आधी हलकं खाऊन जावं. रिकाम्या पोटी आणि भीतीने चक्कर येणारेच जास्त. रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्यांची नावं आधीच सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दाढेजवळ न देता जबड्याच्या मागच्या भागात, नस हाडात शिरते तिथे देतात. औषध बहुतेकदा २ टक्के लिडोकेन असतं, सोबत किंचित ॲड्रेनॅलिन. त्यामुळे दोन-तीन मिनिटं छाती धडधडू शकते. ही ॲलर्जी नव्हे. पाचेक मिनिटांत खालचा अर्धा ओठ आणि हनुवटी जड वाटू लागते. नुसती जीभ बधिर झाली आणि ओठ जागाच असेल तर मुख्य नस अजून सापडलेली नाही. तसं स्पष्ट सांगा. वरच्या दाढेला हे सोपं जातं, फक्त टाळूतलं इंजेक्शन झोंबतं, कारण तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते.

कधी कधी दोन-तीन इंजेक्शनं देऊनही जागा नीट बधिर होत नाही. पू आणि सूज असलेल्या जागी आम्लता वाढते, आणि आम्लात हे औषध नसेत नीट शिरत नाही. म्हणूनच हिरडी सुजलेली असताना काही डॉक्टर आधी संसर्ग आटोक्यात आणतात आणि मग दाढ काढतात.

सरळ उगवलेली दाढ काही मिनिटांत निघते. आडवी किंवा हाडात रुतलेली असेल तर हिरडीला छेद देतात, वरचं थोडं हाड पाण्याच्या धारेखाली घासून काढतात आणि दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक बाहेर काढतात. तुकडे करणं म्हणजे काही बिघडलं असं नाही. त्यामुळे उलट हाड कमी काढावं लागतं. शेवटी जागा धुऊन टाके घालतात. या सगळ्यात सर्वात जास्त दमतो तो जबड्याचा सांधा. चावायला रबरी ठोकळा मागून घ्या, तोंड उघडं धरायचा ताण बराच कमी होतो.

नंतर गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघितलं की धरू लागलेली गुठळी निघून येते. पहिले २४ तास जोरात थुंकणं, गुळण्या, स्ट्रॉ बंद. धूम्रपान तर निदान तीन-चार दिवस नकोच. ओठाचा बधिरपणा दोन ते चार तास टिकतो. तोवर गरम पेय नको, चावून खाणं नको, कारण ओठ दाताखाली आला तरी समजत नाही. वेदनाशामकाची पहिली गोळी, डॉक्टरांनी दिलेली, बधिरपणा उतरण्याआधीच घ्या. कळ सुरू झाल्यावर घेतली तर ती मागे मागे धावत राहते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, म्हणून तेव्हा घाबरू नका. बर्फ पहिल्या दिवशीच, कपड्यात गुंडाळून. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. लाळ दिवसभर गुलाबी दिसणं चालतं. तोंड रक्ताने भरत असेल तर नवा ओला बोळा अर्धा तास दाबून धरा, तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढलं, कानापर्यंत गेलं आणि तोंडाला वास येऊ लागला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. घरी अँटिबायोटिक शोधत बसू नका. जागा धुऊन औषधी पट्टी भरली की बहुधा लवकर आराम पडतो. गिळायला किंवा श्वासाला त्रास, ताप, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.