बाबांचा डोळा आणि लघवीची गोळी

आज बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. पण गेल्या आठवड्यातला एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "काका, लघवीसाठी काही गोळी चालू आहे?" बाबा गप्प. माझ्यासमोर ते हा विषय काढतच नाहीत. शेवटी मीच पिशवीतून पाकीट काढलं. टॅमसुलोसिन, चार वर्षं, रोज रात्री एक.

ही गोळी प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, तशीच बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूलाही ढिला करते. मग ऑपरेशन चालू असताना बुबुळाचा रंगीत पडदा लुळा पडून लाटेसारखा हलतो आणि बाहुली मध्येच आकसते. डॉ. डेव्हिड चँग आणि डॉ. जॉन कॅम्पबेल या नेत्रतज्ज्ञांनी २००५ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. गोळी आधी बंद केली तरी धोका पुरता टळत नाही. सर्जनला माहीत असलं की तो तयारीत राहतो, एवढंच खरं.

आज डॉक्टरांनी डोळ्याच्या आत फेनिलएफ्रिन, म्हणजे बाहुली मोठी ठेवणारं औषध सोडलं, तेही प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेलं. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थरातल्या पेशी अशा रसायनापुढे फार नाजूक. मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. म्हणून बाहेरून घालायचा साधा ड्रॉप आत चालत नाही, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. कृपा करून लाजू नका.

बाबा काळा चष्मा लावून पडलेत. "डाव्या डोळ्याच्या वेळी मीच सांगेन," म्हणाले. दहाच्या ड्रॉपचा गजर लावलाय.