बाबांचे गुडघे, दादाची हौस आणि युटा-ॲरिझोनाचं वाळवंट

आई-बाबा आणि दादा-वहिनी पुण्याहून आमच्याकडे डॅलसला यायचे ठरले, तेव्हा दादाने आधीच बजावून ठेवलं होतं की न्यूयॉर्क-नायगारा नको, ते लाल दगडांचं वाळवंट दाखव. मग मंडळी मोजली आणि जरा विचारात पडले. दादा नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारा. आई सत्तरीला टेकली असली तरी रविवारचा सिंहगड चुकवत नाही. बाबांचे दोन्ही गुडघे झिजलेले. वहिनी चालायला दमदार, पण कड्याजवळ गेली की तिला गरगरतं. शिवाय नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. सात जणं, एक गाडी.

अशा वेळी "किती चालू शकाल?" हा प्रश्न काही कामाचा नाही. दादा म्हणतो, "कितीही." बाबा म्हणतात, "तुम्ही न्याल तिथं येईन." दोन्ही उत्तरांवरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून बाबांना म्हटलं, एकदा पर्वतीवर जाऊन या आणि मग फोन करा. त्यांचा फोन आला, "चढताना काही नाही गं, पण उतरताना कठडा धरून आडवा आडवा उतरलो." झालं, आमचं माप ठरलं. मैल किती हे दुय्यम. उतार किती आणि पायऱ्या किती, ते आधी बघायचं. वहिनीला व्हिडिओ पाठवले. तिचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं: कठडा असेल तर दरी हजार फूट असली तरी चालेल, कठडा नसेल तर दहा फूटही नको.

मग मी एक तक्ता केला. प्रत्येक ठिकाणापुढे उतार, कठडा, सावली, बसायला बाक आणि संडास एवढे रकाने. संडासाचा रकाना वाचून दादा हसला, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. वाळवंटात माणशी रोज एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी प्यावं असं सांगतात. घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळतच नाही. आणि आपली वडीलधारी मंडळी प्रवासात पाणी का पीत नाहीत, तर पुढे सोय असेल की नाही ही धास्ती. पुढचा थांबा कुठे आणि किती वेळाने, हे बाबांना आधी सांगितलं की बाटली आपोआप रिकामी व्हायची. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, अंगात मीठ जावं लागतं. चिवडा, खारे शेंगदाणे आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यांनी ते काम चोख केलं.

मुख्य नियम मात्र एकच ठेवला. सोपी वाट आणि अवघड वाट एकाच ठिकाणाहून सुरू व्हायला हवी आणि दोन्ही गट पुन्हा एकाच ठिकाणी भेटायला हवेत. नाहीतर होतं काय, चालणारे चार तास गायब आणि न चालणारे पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून बसलेले. या नियमात युटातलं मोॲब गळालं. तिथल्या प्रसिद्ध डेलिकेट आर्चपर्यंत जाऊन-येऊन तीन मैल, तेही उघड्या खडकावरून. खालच्या सोप्या व्ह्यूपॉइंटवरून ती कमान दिसते, पण साधारण मैलभर लांबून. वर गाडीचा प्रवासही वाढत होता. दादा थोडा कुरकुरला.

उरला तो मार्ग असा: लास व्हेगासला विमानाने उतरायचं, मग युटातली झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, ॲरिझोनातलं पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिण कडा आणि परत व्हेगास. महिना ऑक्टोबर. उन्हाळ्यात तिथे भाजून निघतं आणि जुलै ते सप्टेंबर वळवासारखा पाऊस कोसळून घळींमध्ये अचानक लोंढे येतात. गाडी मिनीव्हॅन घेतली. सात जणांच्या एसयूव्हीत तिसरी रांग उघडली की बॅगांना जागा उरत नाही आणि तिची पायरी बाबांच्या गुडघ्यांना उंच पडते. मिनीव्हॅन दिसायला बावळट, पण सरकतं दार आणि बसकी पायरी असली की दिवसातून दहादा चढ-उतर करणाऱ्याला दुसरं काय हवं?

झायनमध्ये हंगामात मुख्य दरीच्या रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नाही, शटल बस फुकट असते. आमच्यासाठी हे फारच सोयीचं ठरलं, कारण ज्याला कंटाळा आला त्याने बस पकडून परतायचं, गाडीच्या किल्लीवरून वाद नाही. शेवटच्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक सुरू होतो. पक्की वाट, फारसा चढ नाही, जाऊन-येऊन सव्वादोन मैलांच्या आत. ही वाट जिथे संपते तिथून नॅरोज ही अरुंद घळीतली, नदीच्या पात्रातूनच जाणारी वाट सुरू होते. म्हणजे बाबा नदीकाठी बाकावर आणि दादा नदीत. गार पाण्यात तासन्‌तास चालायचं म्हणून दादाने आणि नवऱ्याने स्प्रिंगडेल गावात पाण्यातले बूट आणि काठ्या भाड्याने घेतल्या. आई "मी नुसती बघते" म्हणत गुडघाभर पाण्यात शिरली आणि पहिल्या वळणापर्यंत जाऊन आली. एंजल्स लँडिंग या उंच सुळक्यासाठी २०२२ पासून सोडतीतून परवाना काढावा लागतो, आणि साखळ्या धरून जायची ती धार पाहूनच वहिनीने डोळे मिटले होते. ते आम्ही सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्याच वाटेवर स्काउट लुकआउटपर्यंत जाऊन आला, तिथवर परवाना लागत नाही.

आमच्या नियमात ब्राइस सगळ्यात चपखल बसलं. सनराइज पॉइंट आणि सनसेट पॉइंट यांच्यामध्ये कड्यावरून अर्ध्या मैलाची पक्की, जवळपास सपाट वाट आहे. त्याच सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनची वाट खाली उतरते, सुळक्यांच्या गर्दीतून फिरते आणि नवाहो लूपने सनसेट पॉइंटला वर येते. सगळी मिळून तीनेक मैल. चालणाऱ्यांना सनराइजला निरोप दिला आणि बाबा, वहिनी आणि मी रमतगमत वरून निघालो. वहिनी आतल्या बाजूने चालली. सनसेट पॉइंटवरून नवाहो लूपची नागमोडी वळणं थेट खाली दिसतात. बाबांनी दुर्बीण लावली आणि समालोचन सुरू केलं: "केशरी टोपी दिसली. तुझी आई पुढे आहे. दादा थांबलाय. फोटोच्या नावाखाली दम खातोय." खरंच तसं होतं. ब्राइसचा कडा आठ हजार फुटांच्या आसपास, सिंहगडाच्या माथ्याच्या जवळपास दुप्पट उंच, त्यामुळे पुण्याहून आलेल्याला धाप लागतेच. रात्री तिथे पारा शून्यापर्यंत जातो. वाळवंट म्हणून फक्त सुती कपडे आणलेल्या मंडळींना मी आधीच स्वेटर भरायला लावले होते.

पेजला वेगळा प्रश्न होता. अँटेलोप कॅन्यन ही अरुंद घळ नवाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या जमिनीवर आहे आणि तिथे त्यांच्या वाटाड्याशिवाय जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. तिचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग. लोअरमध्ये शिड्या आहेत हे माहीत होतं. अप्पर सपाट आहे असं जो तो सांगतो. तरी मी बुकिंगआधी फोन केला. घळीतून चालायला सपाटच, पण आता फेरी एकाच दिशेने होते आणि परतताना बाहेरून लोखंडी पायऱ्यांवरून यावं लागतं, असं कळलं. पायऱ्या म्हणजे बाबा बाद.

पण बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि पेज हे गावच मुळी ग्लेन कॅन्यन धरणाच्या बांधकामासाठी वसवलेलं. आम्ही घळीत असताना ते आणि वहिनी धरणाच्या माहिती केंद्रात होते. कोयना १०३ मीटर, हे ७१० फूट, म्हणजे तिच्या दुपटीहून उंच, आणि तेही काँक्रीटचं कमानी धरण. मोठ्या काचेतून ते सगळं समोर दिसतं. आम्ही न्यायला गेलो तेव्हा बाबा पॉवेल जलाशयाच्या काठच्या खडकांवरचा पांढरा पट्टा दाखवून वहिनीला पाणी किती उतरलंय ते समजावत होते. "पाच मिनिटं थांबा," म्हणाले. तासभर थांबलो. न चालणाऱ्याला नुसती बसायला जागा देऊन भागत नाही, त्याच्या आवडीचंही काहीतरी हवं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

घड्याळाचंही सांगायला हवं. ॲरिझोनात उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढे करणं, पाळत नाहीत, युटात पाळतात आणि ॲरिझोनातल्याच नवाहो भूमीतही पाळतात. अँटेलोपच्या फेऱ्या मात्र पेजच्या वेळेने निघतात. मोबाइल कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे तासाने पुढे-मागे उडी मारतो. पेजमध्ये बाबांचं मनगटी घड्याळ हेच प्रमाण मानलं. लोंढ्याचा इशारा असेल तर फेरी रद्द होते, त्यावर हुज्जत घालायची नाही हेही आधीच सांगून ठेवलं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटेलोपमध्ये अकरा जण वाहून गेले, तेव्हा पाऊस तिथे नव्हे, मैलोगणती लांब पडला होता.

मॉन्युमेंट व्हॅलीत कुणी चाललंच नाही. सतरा मैलांचा कच्चा रस्ता, भाड्याची गाडी घालण्यासारखा नाही. नवाहो वाटाड्याच्या गाडीतून सगळे गेलो. बाबांना पुढची सीट दिली, कारण मागे कंबर हलून निघते.

ग्रँड कॅन्यनला दादाशी खरी घासाघीस झाली. त्याला एका दिवसात दरीच्या तळाशी नदीपर्यंत जाऊन परत यायचं होतं. उद्यानवाले हे करू नका असं बजावतात. सह्याद्रीत आपण गड आधी चढतो, दमल्यावर उतरतो. इथे सगळं उलटं: ताजेतवाने असताना उतार लागतो आणि थकल्यावर, ऊन चढल्यावर चढ. उतरायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट चढायला धरायचा. शेवटी साउथ कायबाब या वाटेवर सीडर रिजपर्यंत, म्हणजे दीड मैल आणि अकराशे फूट खाली, यावर सौदा पटला. त्या वाटेवर पाणी कुठेच नाही, सगळं पाठीवर. आई वाटेतल्या ऊ-आ पॉइंटला थांबली. न उतरणाऱ्या आम्ही सगळ्यांनी, त्या वाटेच्या तोंडाशी नेणाऱ्या शटल बसनेच, पुढे याकी पॉइंट केला. नंतर वहिनीला सापडलं यावापाई संग्रहालय, जिथे भल्यामोठ्या काचांच्या आडून अख्खी दरी बघता येते. कड्यावरची वाट बऱ्याच ठिकाणी बिनकठड्याची आहे, त्यामुळे ती काच तिला फारच भावली. तिथून गावाकडे जाणाऱ्या 'ट्रेल ऑफ टाइम'वर प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. माझ्या मुलाने चारशे कोटी वर्षं चालायची घोषणा केली आणि शंभर मीटरवर आइस्क्रीम मागितलं. ज्यांना शटलमध्ये चढणंही जड जातं, त्यांना शटलच्या रस्त्यांवर स्वतःची गाडी नेण्याचा परवाना तिथेच मिळतो. आम्हाला तो लागला नाही.

शेवटच्या दिवशी चार-साडेचार तासांचा प्रवास होता, म्हणून मी काहीच ठेवलं नव्हतं. बाबांनी नकाशा बघून व्हेगासच्या अलीकडे हूवर धरण शोधून काढलं आणि परस्पर कार्यक्रमात घातलं. धरणाच्या माथ्यावरचा रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना भक्कम कठडा. त्या दिवशी सगळ्यात जास्त चालले ते बाबा, आणि "आता पुरे, विमान चुकेल" म्हणायची पाळी दादावर आली.