पिक्चर २८ रुपयांत, गाणी सव्वाशेला

२००७ साली मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा कणकवलीत माझं कॅसेट-सीडीचं दुकान होतं. काउंटरच्या एका टोकाला अख्खा पिक्चर २८ रुपयांत आणि दुसऱ्या टोकाला नव्या पिक्चरच्या नुसत्या गाण्यांची सीडी सव्वाशेच्या घरात. "पिक्चरात गाणी आसतच, मगे ही वायली कित्याक घेवची?" असं गिऱ्हाईक विचारायचं. विचारणं रास्तच होतं.

हिशेब असा होता. पिक्चरचा पैसा थिएटरात निघायचा, टीव्हीचे हक्क विकले जायचे, व्हीसीडी ही वरकमाई. त्यात मोझर बेअर मुळात कोऱ्या डिस्क बनवणारी कंपनी, म्हणजे माल घरचाच. म्युझिक कंपनीने मात्र निर्मात्याला हक्कांचे पैसे आधी मोजलेले असायचे आणि वसुली बरीचशी कॅसेट-सीडीच्या खपावर. दहा अल्बम आणले तर माझ्याकडे दोन चालायचे. न चाललेल्या आठांचा बोजा त्या दोनांच्या किमतीवर पडायचा.

तरीही मी ठामपणे म्हणतो, दोघांत स्वस्त होतं ते गाणंच. पिक्चर माणूस एकदा बघतो, आवडला तर दोनदा. मालवणचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा म्होरक्या, माझ्याकडून भजनाच्या कॅसेटी न्यायचा. ट्रॉलरवरच्या टेपवर त्या इतक्या वाजायच्या की पट्टी पातळ व्हायची, आणि खाऱ्या हवेने उरलंसुरलं काम केलं की तो तीच कॅसेट पुन्हा मागायला यायचा. दर वेळी पस्तीस-चाळीस रुपये, एकदाही घासाघीस नाही. पावसाळ्यात तर कॅसेटच्या रिळांवर पांढरी बुरशी धरायची. लोक घेऊन यायचे, मी चारपाच बारीक स्क्रू काढून रीळ मऊ सुती कापडातून हळूहळू ओढून घ्यायचो. व्हीसीडी खराब झाली म्हणून कोणी दुरुस्तीला आणल्याचं मला आठवत नाही.

किमतीबद्दल लोकांचं वागणं मला कायम नवलाचं वाटत आलंय. सीडीला सव्वाशे जड वाटणारा माणूस कॉलर ट्यूनला महिन्याचे ३० रुपये आणि वर गाण्याचे १५ सहज द्यायचा. तेही अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यासाठी, जो ऐकणार दुसराच! पुढे मोबाईलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं आणि गाण्याला स्वतःची अशी किंमतच उरली नाही. मी दुकान बंद केलं ते त्याच सुमारास.

आता तर पारडं पुरतं फिरलंय. २०१६ साली नेटफ्लिक्स भारतात आलं तेव्हा सर्वांत स्वस्त प्लॅन महिन्याला ५०० रुपयांचा होता. २०१९ साली स्पॉटिफाय आलं ते ११९ रुपयांत, आणि जाहिराती ऐकायची तयारी असेल तर फुकटच. नेटफ्लिक्सचे दर नंतर उतरले, पण सवय बसायची ती बसली. बघायला पैसे द्यायचे, ऐकायला नाही.

मोठ्या कंपन्या यातून तरतात. त्यांच्याकडे जुन्या गाण्यांचा साठा आहे आणि भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो. माझा जीव तुटतो तो आमच्या डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांमधल्या सामन्याच्या, बुवांसाठी. पूर्वी निदान बारीची कॅसेट निघायची, मग व्हीसीडी. बुवांना ठोक रक्कम मिळायची, ती फार नसेल, पण आवाजाचं मोल म्हणून मिळायची. आज अभंग, गौळण, गजर सगळं मांडवातल्या कोणाच्या तरी मोबाईलवरून रात्रीच यूट्यूबवर चढतं. रेकॉर्डिंग ऐन गजरात फाटलेलं, पखवाज पत्र्यासारखा, आणि बुवांच्या हाती बारीच्या मानधनापलीकडे दमडी नाही.

यावर माझं एक सांगणं आहे. मंडळांनी बारीचं मिक्सरवरून थेट, स्वच्छ रेकॉर्डिंग करावं आणि मांडवातच यूपीआयचा कोड लावून ५० रुपयांना विकावं. पैसे दोन्ही बुवांच्या आणि साथीदारांच्या खात्यात. चाकरमानी गणपतीला आलेला असतो, मुंबईला परतताना गाडीत त्याला हेच हवं असतं. मिक्सरमधून आवाज घ्यायचं काम मला येतं. कणकवली, मालवण, कुडाळ पट्ट्यातल्या कुठल्या मंडळाची तयारी असेल तर खाली लिहा, माझं यंत्र घेऊन मी येतो. मला मानधन नको.