वर्तणूक : चांगली

शाळेच्या मुख्य दारातून आत आलं की समोरच्याच भिंतीवर ‘गुणवंत विद्यार्थी’ असा फलक लागतो. सागवानी चौकट, काळी पाटी. वर्ष, नाव, दहावीचे शेकडा गुण. वरच्या ओळी रंगाऱ्याने ब्रशने काढलेल्या, ‘कु.’च्या उकाराला झोकदार शेपूट दिलेल्या. खालच्या रेडियम कापून चिकटवलेल्या. आमच्या नाशिकच्या सातपूरच्या पावसात रेडियमचं एखादं अक्षर निसटतं आणि शाळेत पहिली आलेली मुलगी महिनाभर भलत्याच आडनावाने झळकत राहते.

हा फलक वाचायची एक गंमत आहे. वरून खाली येताना गुण ७८, ८१, ८० असे रांगत असतात आणि २०१० च्या आसपास एकदम नव्वदीत उडी मारतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, तेव्हा शाळेत कोणी जादूगार मुख्याध्यापक आला असणार. आला होता तो ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. उत्तम पाच विषय धरायचे, कमी गुणांचा सोडून द्यायचा. शिवाय चित्रकलेचे, खेळाचे वाढीव गुण. मुलांचं भलंच झालं, माझी तक्रार नाही. पण वरचा ऐंशीवाला खालच्या चौऱ्याण्णववाल्यापेक्षा कच्चा होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. दोघांनाही गणित मीच शिकवलंय.

२०२१ च्या ओळीपुढे तर आम्ही बराच वेळ थबकलो होतो. परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला होता. नाव लिहायचं की नाही यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडले. शेवटी लिहिलं. वडील मोबाइल घेऊन दुसऱ्या शिफ्टला जायचे, आणि हा पोरगा रात्री ते परतले की सरांचे व्हिडिओ बघत बसायचा. परीक्षा नाही झाली हा काय त्याचा गुन्हा?

मुख्याध्यापिका म्हणून मी निवृत्त होतेय. माझ्या निरोप समारंभात संस्थेच्या अध्यक्षांनी याच फलकाकडे हात करून भाषण केलं. मॅडमच्या काळात निकालाची कमान चढती राहिली, वगैरे. शाल, श्रीफळ, विठ्ठल-रखुमाईची मूर्ती, एक भिंतीवरचं घड्याळ. (निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात हे मला अजून कळलेलं नाही. बसून बघत राहा, असं असावं.) टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या डोक्यात मात्र फलकावर नसलेली पोरं रांगेने येत होती. फलकावर वर्षाला एक नाव मावतं. बाकीची ऐंशी-नव्वद कुठे जातात?

ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असतात. जनरल रजिस्टर नंबर एक. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेकराची एक आडवी ओळ. अनुक्रमांक, संपूर्ण नाव, आईचं नाव, मातृभाषा, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा. हे रजिस्टर पुढ्यात घेऊन बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. मातृभाषेच्या रकान्यात बघा, पानच्या पान ‘मराठी, मराठी, मराठी’. आता आमच्या भागात एमआयडीसीच्या आधाराने आलेली निम्मी वस्ती धुळे-जळगावकडची. मधल्या सुट्टीत डबा द्यायला आलेली आजी फाटकातून विचारते, “मॅडम, मना नातू अभ्यास करस का?” आणि नातू लाजून खांबाआड होतो. त्याच्या ओळीतही ‘मराठी’च आहे. अहिराणी लिहा म्हणून सांगणारा एकही पालक मला भेटला नाही.

शाळेतून जाताना याच ओळीवरून दाखला लिहिला जातो. शाळा सोडल्याचा दाखला. खाली छापील वाक्य, की वरील माहिती जनरल रजिस्टर नंबर एकप्रमाणे आहे, आणि त्याखाली माझी सही. त्यात दोन रकाने असे आहेत की जे रजिस्टर बघून भरता येत नाहीत. एक ‘अभ्यासातील प्रगती’ आणि दुसरा ‘वर्तणूक’. प्रगतीत ‘समाधानकारक’, ‘बरी’, ‘चांगली’ अशा दोन-तीन छटा तरी आहेत. वर्तणुकीत एकच. चांगली.

मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले तेव्हा हा प्रकार मला ढोंगीपणाचा वाटला होता. आधीचे मुख्याध्यापक चार्ज देताना म्हणाले, “मॅडम, तुमचा राग दोन दिवसांचा, दाखला पोराला जन्मभर पुरतो. चांगलीच लिहायचं.” ते लिहीत आले तसंच मी लिहीत आले. पुढे पुढे त्यात मला मजा येऊ लागली.

एकाची गोष्ट सांगते. नाशकात होळी-धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा थाट मोठा. जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, शनी चौकातली, तिवंधा चौकातली. दगडी हौदात रंग भरतात आणि माणसं त्यात उड्या घेतात. आमच्या नववीच्या एका वीराने आदल्या दिवशीच शाळेत रहाड करायचं ठरवलं. पाण्याच्या टाकीमागे एक पिंप मिळवलं, त्यात केशरी रंग कालवला. इथवर ठीक होतं. पण नेमके त्याच दिवशी विस्तार अधिकारी तपासणीला आले, पांढऱ्या सफारीत. पुढचं सांगत नाही. लॉगबुकात त्यांनी लिहिलेला शेरा आजही वाचता येतो, फक्त पानाच्या कोपऱ्याला केशरी अंगठा उमटलाय. पोराच्या वडिलांना बोलावलं, मैदानात दगड वेचायला लावले, प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं केलं. दहावी झाल्यावर दाखला घ्यायला आला तेव्हा तिथेच उभ्या उभ्या वाचला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, वर्तणूक चांगली लिहिलीय.” म्हटलं, “मग?” “नाही, आईला दाखवतो. तिला पटणार नाही.” आज त्याचं नाशिकमधल्याच अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळेचं नवं सरकतं फाटक त्यानेच बसवलं. लोखंडाचे पैसे चोख घेतले, मजुरी घेतली नाही. फाटकाला रंग कुठला देऊ विचारायला आला, तेव्हा मी आधीच सांगितलं, केशरी सोडून कुठलाही.

त्यानंतरचा रकाना म्हणजे ‘शाळा सोडण्याचे कारण’. दहावी झालेल्यांचं सोपं असतं. मधूनच जाणाऱ्यांच्या पुढे बहुतेकदा एकच मजकूर, ‘पालकांच्या विनंतीवरून’. या दोन शब्दांखाली काय काय दडपलं गेलंय! कंपनी बंद पडली आणि कुटुंब गावी गेलं, पालकांच्या विनंतीवरून. धाकट्याला इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून थोरलाही निघाला, पालकांच्या विनंतीवरून. द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेली जोडपी सोबत पोरं घेऊन गेली. त्यांनी तर विनंतीसुद्धा केली नाही, पोरं नुसती हजेरीपटावरून पुसट होत गेली. आठवीतल्या एका मुलीचा दाखला मागायला तिचा मामा आला होता. कारण विचारलं तर खाली बघून नखं कुरतडत राहिला. दाखला मी अडवून धरला, घरी गेले, आजीपासून सगळ्यांशी भांडले. ती मुलगी दहावी झाली. दुसऱ्या वर्षी अशाच एकीच्या घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, कालच गेले. याचा फलक कोण लावणार?

तरी मुलांचं पुढे काय झालं हे मुख्याध्यापकाला कळतं, आणि कळतं ते डुप्लिकेट दाखल्यामुळे. मूळ दाखला कोणाचा पुरात भिजतो, कोणाचा उंदीर खातात, बहुतेकांचा ‘कुठंतरी ठेवलाय’. मग जात पडताळणी, पासपोर्ट, नोकरी असं काही निघालं की प्रतिज्ञापत्र घेऊन माणूस शाळेच्या खिडकीशी उभा. आमचे क्लार्क भाऊसाहेब रजिस्टर काढतात, मी चहा सांगते आणि अर्ध्या तासात पंधरा-वीस वर्षांचा हिशेब मिळतो. एक जण नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये लागला. शेकडेवारीची उदाहरणं त्याला तीन वर्षांत एकदाही सुटली नव्हती. मी म्हटलं, “अरे, सरकारने तुझ्या हातात नोटा दिल्या?” म्हणाला, “मॅडम, मोजायला मशीन आहे.” एक जण ओझरला एचएएलमध्ये आहे. एक मुलगी नर्स झाली आणि माझ्याच आईला सलाइन लावायला आली. शाळेत तिला इंजेक्शनचं नाव काढलं तरी चक्कर यायची. एक जण नुसताच आला, काही काम नव्हतं. बाकावर बसला, पाणी प्यायला, “शाळा बरी ठेवलीय” म्हणाला आणि गेला.

खेळाचं राहिलंच. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दुसऱ्या दिवशी परिपाठात बातमी वाचली आणि त्या आठवड्यात आमच्या मैदानावर मुलींची अशी धावाधाव सुरू झाली की पीटीच्या सरांना शिट्टी सापडेना. बूट कोणाकडेच नव्हते. चप्पल हातात घेऊन पळायच्या, कारण काठावर ठेवली तर चोरीला जाते. त्यातली बहुतेक पंधरा दिवसांत थंडावली. एक मात्र पळत राहिली. जिल्हा पातळीवर चौथी आली. चौथ्याला पदक नसतं, प्रमाणपत्रावर ‘सहभाग’ लिहिलेलं असतं. पुढे ती पोलिस भरतीत उतरली. धावण्यात पूर्ण गुण पडल्याचं सांगायला वर्दीतच आली तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं, शाळेवर चौकशी आली.

चौकशीवरून आठवलं. माझ्या पेन्शनच्या कागदपत्रांत सध्या एक दाखला लागतो, की सदर कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही विभागीय चौकशी चालू नाही किंवा प्रस्तावित नाही. इतकी वर्षं पोरांना सढळ हाताने ‘चांगली’ वाटली आणि स्वतःच्या वाट्याला काय आलं, तर ‘चौकशी नाही’! मी भाऊसाहेबांना म्हटलं, निदान बरी तरी लिहा. ते म्हणाले, “मॅडम, शासनाच्या नमुन्यात तसा रकाना नाही.” माणूस सज्जन, पण विनोद नमुन्याबाहेरचा असेल तर त्यांना कळत नाही.

निवृत्तीची तारीखही अशीच शाळेने ठरवलेली. आमच्या वयाच्या लोकांचा जन्म बहुतेक १ जूनचा. घरी आईला आठवत असतं, पोळ्याच्या आगेमागे झाली, आदल्या वर्षी विहीर आटली होती. गुरुजी त्यातून १ जून काढायचे, म्हणजे जूनमध्ये पहिलीत नाव घालायला वय बरोबर बसतं. त्यामुळे ३१ मे या दिवशी महाराष्ट्रातले गुरुजी घाऊक निवृत्त होतात. नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही तिघे १ जूनवाले. एकच केक, तिघांची नावं, आणि तिघांच्या आया सांगणार की आमचं लेकरू तर थंडीतलं.

आता चार्ज द्यायचं चाललंय. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, तपासताना चार पृथ्वीगोल लिहिलेले आहेत, सापडले तीन. त्यातल्या एकाला दक्षिण ध्रुव नाही. येणाऱ्या मॅडम हुशार आहेत, संगणकात तरबेज. आधार, विद्यार्थ्याचा ‘अपार’ ओळख क्रमांक, शाळेची माहिती भरायचं ‘यू-डायस’ हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. रजिस्टरात ‘ज्ञानेश्वर’ असतो आणि आधारवर त्याचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं, म्हणून शिष्यवृत्तीचे वर्षाचे १२ हजार अडकतात. असली भांडणं त्या फोनवरच मिटवतात. २०२७ च्या सिंहस्थात गर्दीचे दिवस आले की वर्ग कसे भरवायचे हा प्रश्नही आता त्यांचाच. मी फक्त एवढंच सांगितलंय, की पावसाळ्यात रेडियमची अक्षरं बघत जा.

यंदाच्या दहावीचे दाखले लिहून झालेत. भाऊसाहेबांनी पुढच्या घाईसाठी कोरे दाखले सही करून मागितले होते. नव्या मॅडमच्या सहीचे अधिकार शिक्षणाधिकारी कार्यालयातून यायला वेळ लागेल म्हणून. दिले नाहीत. नाव वाचल्याशिवाय सही करायची मला सवय नाही.

जुलैच्या पुरवणी परीक्षेचे फॉर्म तेवढे राहिलेत. नापास झालेल्यांना मी स्वतः फोन लावतेय. सगळ्यांनी हो म्हटलं, एकाला सोडून. गणित आणि विज्ञान राहिलंय, त्र्यंबक रोडच्या एका गॅरेजवर लागलाय. फोन उचलला तेव्हा मागे गाडी रेस करण्याचा आवाज येत होता.

“मॅडम, तुम्ही तर रिटायर झाल्या ना? व्हॉट्सअॅपला फोटो बघितला, शाल घेतलेला.”

“शाल दिलीय. सही अजून माझीच चालते. तू फोटो आणि फीचे पैसे घेऊन ये.”

“मालक सोडणार नाही.”

“मालकाला फोन दे.”

थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज. मग एक जाड, सावध आवाज आला, “हां मॅडम, नमस्कार. ओळखलं का?”

ओळखलं. रजिस्टरात त्याचीही ओळ आहे.