हॅरिस बेटावरची सुट्टी: मटण सोपं, इशा अवघड

मुलांना समुद्र हवा होता, नवऱ्याला गर्दी नको होती आणि माझ्या सासऱ्यांना, अब्बांना, उकाडा सोसत नाही. या तिन्ही अटींत बसणारी जागा म्हणजे आउटर हेब्रिडीज. स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकचा वारा आधी जिथे आदळतो ती बेटांची रांग. त्यातली लुईस आणि हॅरिस ही नावं दोन असली तरी बेट एकच आहे. मध्ये डोंगर आणि दोन्हीकडचा तोरा वेगळा. आम्ही हॅरिसला घर घेऊन राहायचं ठरवलं आणि माझी अम्मीही सोबत यायला तयार झाली. म्हणजे गाडीत आम्ही दोघं, मुलं, व्याही आणि विहीण.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझं माहेर कोकणी, म्हणून आम्ही शाफई. सासर हनफी. सुन्नी इस्लाममधल्या या दोन मजहबांत, म्हणजे नियमांच्या परंपरांत, बारीकसारीक फरक आहेत. एरवी घरात याचा कुणाला त्रास नसतो. प्रवासाला निघालं की मात्र पावलोपावली फरक दिसायला लागतो, आणि नियोजन करणारी मी असल्यामुळे तो सगळा माझ्या वहीत येऊन पडतो.

सगळे विचारतात तो प्रश्न मांसाचा. तो सर्वांत लवकर सुटला. इंग्लंडातून जाताना वाटेत ग्लासगो लागतं. तिथे मुस्लिम वस्ती जुनी आहे, मोठी मध्यवर्ती मशीद १९८४ पासून उभी आहे आणि हलाल मटणाची दुकानं हवी तितकी. आधी फोन करून मटण आणि चिकन हवं तसं कापून, पाकिटं बंद करून, कडक गोठवून ठेवायला सांगितलं. शीतपेटी गच्च भरायची, आत रिकामी जागा उरली तर वर्तमानपत्र कोंबायचं, आणि बोटीत गाडीपर्यंत परत जाता येत नाही हे धरून प्यायचं पाणी व खाऊ वर वेगळा ठेवायचा. एवढ्यावर मांस बेटापर्यंत दगडासारखं पोचलं.

त्याहून जास्त लक्ष घालावं लागतं ते न दिसणाऱ्या गोष्टींत. स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. नुसते बटाटे आहेत म्हणून मुलांच्या हातात देऊ नका, तेल कोणतं ते विचारा. शिंपले अनेकदा पांढऱ्या वाइनमध्ये वाफवलेले असतात. मुलांच्या चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन. आणि स्टॉर्नोवेची, म्हणजे लुईसमधल्या मुख्य गावाची, ती ब्लॅक पुडिंग नावाची प्रसिद्ध सॉसेज, जिच्या नावाला २०१३ पासून भौगोलिक संरक्षण आहे, ती रक्ताचीच असते. नाश्त्याच्या ताटात ती शेजारी असली तर अंडीही त्याच तव्यावरची असू शकतात. म्हणून आम्ही हॉटेलऐवजी घरच घेतलं.

घरमालकिणीला मी बुकिंगआधीच प्रश्न पाठवले. फ्रीझर किती मोठा? घरात कुत्रा असतो का? पाहुण्यांसाठी वाइनची बाटली ठेवायची पद्धत असेल तर कृपया नको. बाई मोकळ्या होत्या. बाटलीच्या जागी जॅम ठेवते म्हणाल्या, आणि ठेवला. तवा, पातेलं, सुरी आणि कापायची फळी मी घरूनच नेली. तांब्याही. तो विसरलात तर शौचालयात सुट्टीभर बाटलीने भागवावं लागेल.

खरं डोकं लागलं ते सूर्यावर. मूळ बेत जूनचा होता. स्टॉर्नोवे ५८ अंश उत्तरेला आहे. जूनच्या उत्तरार्धात तिथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि साडेचारच्या आत उगवतो, आणि मधल्या वेळातही क्षितिजाखाली जेमतेम साडेआठ अंशच उतरतो. इशा, म्हणजे रात्रीची नमाज, संधिप्रकाश संपल्यावर सुरू होते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की ती वेळ धरा, १५ धरा की १२, ती होतच नाही. संधिप्रकाशच सरळ पहाटेला जाऊन मिळतो. उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, यावर उपाय दिलेले आहेत: रात्रीचे सात भाग करून पहिला भाग संपला की इशा, किंवा मध्यरात्र धरायची, किंवा जवळच्या ज्या अक्षांशावर चिन्हं नीट दिसतात तिथली वेळ घ्यायची. पण फोनमधली तीन ॲप तीन वेळा दाखवतात आणि दोन म्हातारी माणसं रात्री साडेअकरापर्यंत जागून पुन्हा साडेतीनला उठणार, हे मला सुट्टीसारखं वाटेना.

मग तारखाच बदलल्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथे खरी काळोखी रात्र परत येते. मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, साडेआठच्या आसपास. इशा तरीही उशिराच होते, पण निदान होते. दुसरा फायदा असा की स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतात, इंग्लंडातल्या मुलांना मात्र अजून सुट्टी असते. म्हणून घर मिळणं थोडं सोपं. बोटीत गाडीची जागा मात्र महिने आधी घ्या. मुख्य भूमीवरच्या उल्लापूलहून स्टॉर्नोवेचा प्रवास अडीच-पावणेतीन तासांचा. स्काय बेटावरून हॅरिसच्या टार्बर्टलाही बोट जाते, ती आणखी कमी वेळाची.

हॅरिसला पोचल्यावर पहिला तंटा पाण्यावरून. घराचं पाणी डोंगरातल्या दलदलीच्या मातीतून येणारं, बादलीत भरलं की कोऱ्या चहासारखं दिसायचं. अम्मी नळाशीच थबकली. अब्बांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "विहीणबाई, ज्या मातीतून पाणी वाहतं तिचा रंग पाण्याला लागला तर पाणी पाकच राहतं. करा वुजू." वुजू म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं. दोन्ही मजहबांचं एकमत झालेला तो दुर्मीळ क्षण. वुजूबद्दलच आणखी एक: चामड्याचे मोजे न्या. प्रवाशाला त्यांच्यावर तीन दिवस-रात्र मसह करता येतो, म्हणजे पाय न धुता मोज्यांवरून ओला हात फिरवता येतो, मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र. बोचऱ्या वाऱ्यात किनाऱ्यावर पाय उघडे न करता नमाज होते, ही म्हाताऱ्यांसाठी चैनच. किबला, म्हणजे मक्केची दिशा, साधारण ११८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला. जानमाजच्या, म्हणजे नमाजेच्या चटईच्या, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, नाहीतर सज्द्यातून, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून, उठेपर्यंत ती लुस्केंटायर किनाऱ्याच्या वाळूत निघून गेलेली असते.

नमाजेची गंमत अशी की एकाच घरात अम्मी पूर्ण चार रकात (नमाजेचे टप्पे) पढत होती आणि अब्बा दोन. प्रवाशाला चार रकातींची नमाज दोनच पढता येते, यालाच कस्र म्हणतात. येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायचं ठरलं की शाफई माणूस मुक्कामी ठरतो. हनफींना कस्र सोडायला पंधरा दिवसांचा इरादा लागतो. जमातीसाठी, म्हणजे एकत्र नमाजेसाठी, मी सोपी वाट काढली: पुढे उभे राहणारे इमाम अब्बाच. त्यांनी दोन रकातींवर सलाम फेरला, म्हणजे नमाज संपवली, की आम्ही शाफई उठून उरलेल्या पुऱ्या करायचो. उलटं केलं असतं, तर मुक्कामी इमामामागे अब्बांनाही चार पढाव्या लागल्या असत्या. धाकट्याचं म्हणणं, आजोबांना डिस्काउंट मिळतो.

जेवणातही तेच. तिथला खेकडा, स्कॅलॉप हा शिंपला आणि कोळंबीसारखा लँगुस्टीन म्हणजे निव्वळ मेजवानी. आम्हा शाफईंना समुद्रातलं जवळपास सगळं हलाल, खेकड्यावर मात्र मतभेद, त्यामुळे अम्मी स्कॅलॉपवर तुटून पडली. अब्बा कोळंबीला मासा मानतात, स्कॅलॉपला किंवा खेकड्याला नाही. त्यांनी सॅमन आणि हॅडॉक या माशांवर समाधान मानलं आणि ताटाकडे बघायचं टाळलं.

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला, पुरुषमंडळींसोबत आम्हीही स्टॉर्नोवेला गेलो. मे २०१८ मध्ये एका पडीक इमारतीची दुरुस्ती करून तिथे मशीद उघडली, या बेटांवरची पहिली. त्याआधीही काही पिढ्या मुस्लिम कुटुंबं इथे राहत होतीच, मूळची बहुतेक पाकिस्तानातली. पुढे सीरियातूनही काही आली. प्रवाशावर जुम्मा फर्ज (बंधनकारक) नाही, पण नवऱ्याला ती मशीद बघायचीच होती. आम्ही बाकीच्यांनी तोवर तिथल्याच ल्यूज कॅसलच्या संग्रहालयात बुद्धिबळाची मोहरी बघितली. वॉलरसच्या दाताची, १८३१ मध्ये याच बेटावर वाळूत सापडलेली. बहुतेक लंडन आणि एडिनबरोत आहेत, इथे सहाच.

रविवारची तयारी शनिवारी करा. लुईस-हॅरिसचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, लोक रविवार कडक पाळतात. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली ती २००९ मध्ये, तीही विरोधातच, आणि तिथलं मोठं सुपरमार्केट रविवारी उघडायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. हॅरिसला दुकानं बंद, पेट्रोल बंद. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालू नका, असं मालकिणीने हळूच सुचवलं. अम्मीला यात काहीच नवल वाटलं नाही. देवाचा दिवस आहे ना, मग बसा घरात, म्हणाली. मला विचाराल तर अशा गावात डोक्यावर ओढणी घेऊन फिरणं आणि दारूला नाही म्हणणं कुठल्याही शहरापेक्षा सोपं गेलं. इथे कुणाला कारण सांगावं लागत नाही. आम्ही चालत निघालो तेव्हा चर्चमधून गेलिक भाषेतली स्तोत्रं ऐकू येत होती. एकजण ओळ सुरू करतो, बाकीचे आपापल्या लयीत ती ओढत नेतात. अब्बा फाटकाबाहेर थांबून ऐकत राहिले.

वाऱ्याबद्दल: गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. पिनांची ओढणी टिकत नाही, खेळाचा हिजाब घ्या. पण वारा आहे तोवर मिजेस नावाची चावरी चिलटं उडू शकत नाहीत, म्हणून तक्रार करू नका.

परतीच्या दिवशी त्याच वाऱ्याने बोट रद्द झाली. कामावर हजर व्हायच्या आधी एक-दोन दिवस मोकळे ठेवलेले होते, त्यामुळे स्टॉर्नोवेत खोल्या शोधण्यापलीकडे काही अडलं नाही. मटण संपलं होतं, मासे आणि डाळभात होता. अम्मीचा प्रश्न एकच: हॅरिस सोडलं म्हणजे मी परत प्रवासी, पण आता इथे किती अडकणार कुणास ठाऊक, मग दोन की चार? मी वही काढली. बोट आज सुटेल, उद्या सुटेल अशा आशेवर अडकलेला शाफई प्रवासी अठरा दिवसांपर्यंत कस्र करू शकतो. अब्बांचा हिशेब मुळात दोनचाच होता. त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकत्रच सलाम फेरला, आणि धाकट्याने विचारलं, आता आजीलाही डिस्काउंट का?